सात दिवसांची पावती

दरवर्षी पंधरा एप्रिलला, बँकेचं शटर वर जायच्या आधीच, गोविंदा मुनेश्वर दारात उभे असतात. असायचे, म्हणायला हवं. पांढरा शर्ट, डोक्याला गुंडाळलेला निळा दुपट्टा, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घालता ठेवलेली मुदत ठेवीची पावती. मी कळंबच्या या शाखेत ठेवींच्या खिडकीवर बसतो. एकवीस वर्षं झाली, निवृत्तीला दोन उरलीत. माझं नाव घनश्याम, पण गावात मला नावानं कोणी ओळखत नाही, 'एफडीवाले साहेब' म्हणतात. माझ्या स्वभावाबद्दल आणखीही काही म्हणतात, ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

मुनेश्वर एसटीत कंडक्टर होते. यवतमाळ आगारात बत्तीस वर्षं. पहिली बरीच वर्षं लांबच्या गाड्या, उमरखेड, ढाणकी, रात्रीचा मुक्काम तिकडेच. शेवटची दहा वर्षं यवतमाळ–कळंब–राळेगाव. कळंबच्या निम्म्या माणसांनी त्यांच्या हातून तिकीट घेतलेलं आहे, मीही घेतलं आहे. आवाज असा की इंजिनाच्या घरघरीवरून मागच्या सीटपर्यंत पोहोचायचा. वाटेतल्या थांब्यावर उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय ते घंटी द्यायचे नाहीत. त्यामुळे गाडी रोज पाच मिनिटं उशिरा हलायची आणि मला बँकेत उशीर व्हायचा. त्या काळात मी यवतमाळहून ये-जा करायचो आणि त्यांच्यावर मनातल्या मनात फार चिडायचो.

'दिवसाले पाचशे माणसं बोलत माह्यासंगं,' असं ते मला एकदा म्हणाले होते. बढाई म्हणून नाही. कंडक्टरला डोकी मोजायची सवय असते, तसा मोजून सांगितलेला आकडा होता तो.

एसटीच्या माणसाला निवृत्तीनंतर भरपूर पेन्शन मिळते असा लोकांचा समज आहे. मुनेश्वरांना महिन्याला तीन हजाराला शंभर कमी मिळतात. खरी पेन्शन म्हणजे निवृत्तीच्या वेळी एकरकमी हाती आलेले बारा लाख. ते बँकेत ठेवायचे, महिन्याचं व्याज घ्यायचं, त्यावर घर चालवायचं. नऊ वर्षांपूर्वी मार्चअखेर ते पैसे आले तेव्हा त्यांची बायको कौसल्याबाई म्हणाल्या, जयंतीच्या दिवशी ठेवू. चौदा एप्रिलला बँक बंद असते हे नवऱ्यानं समजावलं. तेव्हा त्या म्हणाल्या, मग दुसऱ्या दिवशी जाऊ, पण जयंतीचेच कपडे घालून.

तशी ती दोघं आली. मी फॉर्म पुढे सरकवून विचारलं, कुणाच्या नावानं करायची?

'दोघाईच्या,' मुनेश्वर म्हणाले.

फॉर्मवर एक ओळ असते, पैसे कोणाला द्यायचे त्याची. कौसल्याबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलं आहे? मी वाचून दाखवलं, 'दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो.'

'मंग हेच राह्यतीन मागं,' त्या हसून म्हणाल्या. 'मले कुठं बँकेतलं समजते.'

काम झाल्यावर दोघं स्टँडजवळच्या रसवंतीवर गेली आणि उसाचा रस प्यायली. मग तो नेमच झाला. एका वर्षाची ठेव, दर पंधरा एप्रिलला नवी पावती, आणि दोन ग्लास रस. मी खिडकीतून त्यांना जाताना बघायचो. बायको पुढे, नवरा मागे, आणि तो मागून काहीतरी बोलत असायचा.

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, कौसल्याबाई गेल्या. आठ दिवस यवतमाळला दवाखान्यात होत्या. मुलगा धम्मरत्न पुण्याहून आला, पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. तो चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची बायको उर्वशी नर्स आहे, त्यांना मैत्रेयी नावाची आठ वर्षांची मुलगी आहे, आणि मोशीला कर्जावर घेतलेला एका खोलीचा फ्लॅट आहे. त्या फ्लॅटमध्ये चौथं माणूस झोपणार कुठं, हा प्रश्न कुणी बोलून दाखवला नाही. मुनेश्वर कळंबलाच राहिले, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात. चंदाबाई नावाची एक बाई रोज सकाळी येऊन पोळ्या-भाजी करून द्यायची आणि तासभर बसून गल्लीतल्या बातम्या सांगायची.

त्यानंतरच्या पंधरा एप्रिलला ते एकटे आले. नियम असा की दोघांपैकी एक खातेदार वारला की मृत्यूचा दाखला घ्यायचा आणि नाव कमी करायचं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, मी कौसल्याबाईंच्या मयतीला गेलो होतो. पण त्या दिवशी त्या माणसाला 'दाखला आणा' म्हणायची हिंमत मला झाली नाही. मी संगणकात 'पूर्वीप्रमाणे' वर बोट दाबलं आणि पावती छापली, दोन्ही नावांची. मुनेश्वरांनी ती वाचली, पुन्हा वाचली, पिशवीत ठेवली आणि म्हणाले, 'साहेब, पाच मिनिटं येता का बाहेर?'

ग्राहकासोबत चहापाण्याला जायचं नाही हे मी तोवर कटाक्षानं पाळलं होतं. त्या दिवशी गेलो. त्यांनी सवयीनं दोन ग्लास सांगितले होते. दुसरा मी प्यायलो.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना एक सल्ला दिला. तेव्हा ठेवीचे दर चढलेले होते. एका वर्षाला सव्वासात टक्के, पाच वर्षांना साडेसात. मी म्हणालो, 'मुनेश्वरभाऊ, आता पाच वर्षांची करून टाका. दर नेहमी असे नाई राहत. उतरले की तुमचं महिन्याचं व्याज कमी होते.'

'नाई साहेब, एकच वर्षाची करा.'

'काहून?'

'पुढच्या वर्षी यायचं निमित्त राह्यते,' ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. पासबुक भरायला ते महिन्यातून चारदा येतातच, आणखी कसलं निमित्त हवं? लोकांचं भलं सांगावं तर लोकांना आपलीच चाल प्यारी असते. मी पावती छापून जरा जोरातच पुढे सरकवली. रस मात्र प्यायलो.

आता इथे मला थोडं माझ्या धंद्याचं सांगावं लागेल, आणि ते मी शांतपणे सांगेन याची खात्री देत नाही. मुंबईत दर दोन महिन्यांनी एक समिती बसते आणि व्याजाचा मूळ दर ठरवते. सगळ्या देशाला एकच दर. गेल्या वर्षभरात तो तीन-चार वेळा उतरला, आणि प्रत्येक वेळी टीव्हीवरच्या माणसांना कोण आनंद. कर्ज स्वस्त, हप्ता कमी, सगळ्या देशाला दिलासा. त्या समितीबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना सगळीकडचं बघावं लागत असेल. माझी तक्रार 'सगळ्या देशाला' या दोन शब्दांबद्दल आहे.

माझ्या शाखेत शंभर रुपये जमा झाले तर त्यातले पस्तीस-चाळीस इथे कर्जानं जातात. उरलेले वर जातात, आणि वरून जिथं घेणारे आहेत तिथं जातात. घेणारे पुण्याला आहेत. तिथल्या पोरांची कर्जं मूळ दराला बांधलेली, दर उतरला की हप्ता आपोआप उतरतो. कळंबमध्ये तसं कर्ज कोणाकडे आहे? बोटावर मोजण्याइतक्यांकडे. शेतीच्या कर्जाचा दर सरकार वेगळा ठरवतं. चंदाबाईसारख्या बायांना गटातून कर्ज देणाऱ्या कंपन्या चोवीस टक्के घेतात, तो चोवीसचा तेवीस झालेला मी पाहिला नाही. इथं आहेत ते ठेवणारे. निवृत्त मास्तर, नवरा गेलेल्या बाया, जमीन विकून रक्कम ठेवलेले म्हातारे. दर उतरला की यांचं उत्पन्न उतरतं. टीव्हीवर त्यांना कोणी विचारत नाही. ते माझ्या खिडकीशी येतात आणि माझ्याकडे असे बघतात की मीच खाल्ले.

मागच्या एप्रिलला मुनेश्वरांची ठेव सात टक्क्यांनी झाली. डिसेंबरात ते पासबुक भरायला आले तेव्हा मी त्यांना सांगून ठेवलं, की येत्या एप्रिलला साडेसहाच्या वर मिळणार नाही. बाकावर बसून त्यांनी ते ऐकलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असतो, अख्ख्या बँकेनं ऐकलं.

'बाबा, एक चांगली बातमी हाय,' धम्मरत्न म्हणत होता. 'हप्ता आनखी उतरला. वर्षभरात तेवीसशेनं कमी झाला महिन्याचा. उर्वशी म्हनते, मैत्रेयीले डान्सच्या क्लासले टाकू.'

'टाका ना,' मुनेश्वर म्हणाले. 'चांगलं झालं.'

'तुमचं बरं हाय ना?'

'माहं काय. मस्त हाय.'

फोन ठेवून ते उठले आणि खिडकीशी आले. मग मला म्हणाले, 'साहेब, त्याचे उतरले अन् माहे बी उतरले, ते एकाच कागदानं का?'

'एकाच,' मी म्हणालो. आणि राग आवरला नाही म्हणून ठेवी इथून कुठं जातात तेही सांगून टाकलं.

त्यांनी मान हलवली. 'म्हंजे गाडी इथून भरून जाते अन् तिकून रिकामी येते,' ते म्हणाले. 'ढाणकीची सकाळची गाडी असीच होती.'

मी आयुष्यभर ज्या गोष्टीवर परिपत्रकं वाचली, ती कंडक्टरला एका वाक्यात समजली. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही.

महिन्याला पाचशे रुपये कमी होणार होते, आणि दोन वर्षांपूर्वीच्या दराशी ताडून पाहिलं तर साडेसातशे. पुण्यात तेवढ्या पैशांत चार माणसांचं हॉटेलातलं एक जेवणही होत नाही. मुनेश्वरांनी मात्र घरात काय काय कमी करता येईल ते पाहिलं. साखरेची गोळी कमी करता येत नव्हती, रक्तदाबाची करता येत नव्हती. विजेचं बिल आधीच किमान होतं. कमी करता येण्याजोगी एकच गोष्ट उरली होती आणि ती चंदाबाई. जानेवारीपासून त्यांनी तिला सांगितलं, एक दिवसाआड ये, निम्मे पैसे घे.

ती बाई माझ्याकडे बचत खात्यावर येते. तिनंच मला हे सांगितलं. 'म्या म्हनलं बाबाजी, मी रोज येतो, पैसे तेवढेच द्या. तं म्हनते, बिनातिकिटाचं म्या कधी कोनाले गाडीत बसू नाई देल्लं, आता कायले देऊ.' तिला हसू येत होतं आणि रागही येत होता.

फेब्रुवारीत मुनेश्वर बँकेत आले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. पासबुक भरून झालं होतं. मी त्यांना विचारलं, बरं नाही का?

'बरं हाय,' ते म्हणाले. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत बोलले, 'काल चंदाबाई यायचा दिवस नव्हता. सकाळपासून तोंडातून शब्दच निंगाला नाई, साहेब. संध्याकाळी मले भेवच वाटला. मंग म्या घरातच उभा राह्यलो अन् म्हनून पाह्यलं. कळंब, कळंब. कळंबवाले उतरा. आवाज हाय का म्हनून.'

'मग?'

'हाय.'

मी बोलायला हवं होतं. उद्या माझ्या घरी जेवायला या, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण रांगेत चार माणसं उभी होती आणि मी पुढच्याचं पासबुक घेतलं. ते आजही मला टोचतं.

मार्चमध्ये धम्मरत्नानं नवा विषय काढला. दर इतके उतरले आहेत तर आत्ताच मोठा फ्लॅट घ्यावा. दोन बेडरूमचा, त्यातली एक खोली बाबांची. जुना फ्लॅट विकून आणि नवं कर्ज काढून बाकी सगळं जुळत होतं, बारा लाख कमी पडत होते. पोरगा लबाड नाही, हे मी सांगून ठेवतो. त्यानं मागितले ते बापाला जवळ न्यायचं म्हणूनच मागितले. बापाच्या घरात दिवसाआड कोणी बोलायला नसतं हे त्याला माहीत नव्हतं, कारण बाप फोनवर मस्त आहे म्हणून सांगायचा.

या वर्षी पंधरा एप्रिल बुधवारी आला. साडेदहालाच ऊन असं तापलेलं की दाराची काच हाताला चटका देत होती. मुनेश्वर आले, जयंतीचा पांढरा शर्ट, निळा दुपट्टा, पिशवी.

'जय भीम, साहेब.'

'जय भीम, भाऊ. साडेसहा हाय, सांगतलं होतं मी.'

'हो.' त्यांनी पिशवीतून पावती काढली, पण पुढे सरकवली नाही. 'पोट्ट्याले पैसे लागून राह्यले. मोठं घर घेऊन राह्यला. मले बी तिकडंच नेते म्हनते.'

'अन् तुम्ही?'

'म्या हो म्हनलं.'

माझं डोकं फिरलं. मी चष्मा काढला आणि खिडकीतून जवळजवळ बाहेर वाकलो. 'भाऊ, इथं तुमचं घर हाय. तुमचा पैसा हाय, तुमच्या नावावर हाय. तो एकदा भिंतीत गेला की परत येत नाई. तिथं तुम्ही दिवसभर करान काय? दोघं ड्युटीवर, पोट्टी शाळेत.'

'इथं काय करतो?' मुनेश्वर म्हणाले.

मी चष्मा परत लावला.

'इथचं पुरून नाई राह्यलं, साहेब,' ते समजावल्यासारखे बोलत होते, जसं एखाद्या प्रवाशाला गाडी का बंद झाली ते सांगावं. 'अन् तिकडं खोली होऊन राह्यली. तुमीच तं सांगतलं, इथचा पैसा तिकडं जाते म्हनून. आता मी बी जातो त्याच्या मांगं. नाई म्हनून पोराची खोली मोडू का?'

मी कागद पुढे घेतले. मुदत आजच संपत होती, मोडायचाही प्रश्न नव्हता. पावतीच्या मागे सही घ्यायची, रक्कम बचत खात्यात टाकायची, तिथून पुण्याला पाठवायची. मी पावतीसाठी हात पुढे केला. त्यांनी ती सोडली नाही.

'सगळ्यात कमी किती दिवसाची होते, साहेब?'

'काय?'

'एफडी. कमीत कमी किती दिवसाची?'

'सात दिवसांची,' मी म्हणालो. 'पण ती मोठ्या शहरातले व्यापारी करतात, चार दिवस पैसा कुठं ठेवायचा म्हणून. तीन टक्के देते. काय फायदा त्याचा?'

'सात दिवसाची बी पावती येते का?'

'येते.'

'दोन्ही नावाची?'

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडू लागला. मुनेश्वरांनी पावती काउंटरवर ठेवली आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी कौसल्याबाईंनी फॉर्मवर ठेवलं होतं तसंच.

'मांगं तुमी पाच वर्षाची करा म्हनलं होतं, तवा म्या खरं कारन सांगतलं नव्हतं,' ते म्हणाले. 'राशन कार्डातून तिचं नाव गेलं. मतदार यादीतून गेलं. गॅस माह्या नावावर झाला. विहारातल्या फोटोखाली हाय, पन तिथं मेल्याची तारीख लिवली हाय. एक तुमची मशीन दर वर्षी तिचं नाव नव्यानं छापते, सौभाग्यवती म्हनून. पाच वर्षाची केली असती तं पाच वर्ष छापलं नसतं. म्हनून नाई म्हनलं.'

रांगेत कोणी नव्हतं. पंखा फिरत होता. मी दोन वर्षं या माणसाला हट्टी समजत होतो. त्यांना दर समजत नव्हता असं नव्हे. किती जाणार हे त्यांना माहीत होतं, आणि त्या एका ओळीसाठी त्यांनी ते जाऊ दिलं होतं, वर्षाला काही हजार रुपये. आणि शेवटी ते पैसे चंदाबाईच्या येण्यातून भरून काढले होते. मी पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं खाली वाकलो आणि तिथेच थोडा वेळ राहिलो.

मग मी सात दिवसांची ठेव केली. माझ्या एकवीस वर्षांत या शाखेतली पहिलीच. प्रिंटरनं कागद ओढला, खरखर केली आणि बाहेर सोडला. श्री. गोविंदा मुनेश्वर आणि सौ. कौसल्या मुनेश्वर. मुनेश्वरांनी ती दोन्ही हातांत धरून वाचली, ओठ हलवत.

रसवंतीवर आम्ही गेलो. त्यांनी पैसे मला देऊ दिले नाहीत. 'पुढच्या वर्षी तुमी द्या,' असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

ते सात दिवस मी वाट पाहिली. मला वाटत होतं, माणूस फिरेल. पावती घरात असेल, ती रोज बघतील, आणि बावीस तारखेला येऊन म्हणतील, साहेब, वर्षाची करून टाका, मी कुठं जात नाही. त्यांना साडेसहाऐवजी मी माझ्या खिशातून सात दिले असते, इतका मी मूर्ख झालो होतो. मधे चंदाबाई आली होती. तिनं सांगितलं, बाबाजींनी आठवडाभर रोज यायला सांगितलं आहे, पूर्ण पैशांवर. ते मला चांगलं लक्षण वाटलं.

बावीसला मुनेश्वर आले ते चंदाबाईला सोबत घेऊनच. तिच्या हातात घराची किल्ली होती. आठवड्यातून एकदा झाडून काढायचं आणि पौर्णिमेला मेणबत्ती लावायची, असं ठरलं होतं.

त्यांनी पावतीच्या मागे सही केली. एकच सही लागते, मागे राहिला त्याची. मी रक्कम बचत खात्यात टाकली, तिथून धम्मरत्नाच्या खात्यात, आणि बटण दाबलं.

'गेले?' त्यांनी विचारलं.

'गेले. पोचले बी असतीन.'

'बारा लाख एका मिनिटात,' मुनेश्वर म्हणाले. 'मले रातभर लागते. यवतमाळून संध्याकाळची गाडी हाय.'

पावतीवर मी 'अदा' चा शिक्का मारला. तो मारताना मी नावावर येऊ नये म्हणून खाली, कोपऱ्यात मारला. मूळ पावती बँकेत राहते, ग्राहकाला परत देता येत नाही. मी म्हणालो, 'भाऊ, रंगीत झेरॉक्स काढून देतो. अगदी अशीच दिसते.'

'नको,' ते म्हणाले.

'घेऊन जा ना. तिथं खोलीत ठेवा.'

'नको, साहेब. मी तिकडं चाललो. तिले कायले नेऊ? तिले पुनं आवडत नव्हतं, दोनदा गेलती अन् दोन्ही खेपेले चार दिवसात परत आली.' त्यांनी पावतीकडे एकदा बघून घेतलं आणि ती माझ्याकडे सरकवली. 'तुमच्या कपाटात राहू द्या. तिथं राह्यली म्हंजे कळंबात राह्यली.'

मी ती त्या दिवसाच्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात लावली. सुतळीनं गठ्ठा बांधला. ते बघून मुनेश्वर उठले, दुपट्टा डोक्याला घट्ट गुंडाळला आणि चंदाबाईच्या मागून बाहेर गेले. रसवंतीकडे त्यांनी पाहिलं नाही.

जूनमध्ये एका दुपारी बँकेच्या जुन्या फोनवर त्यांचा फोन आला. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला होता, तोवरचे दिवस त्यांनी जुन्या फ्लॅटमध्येच दाटीवाटीनं काढले होते. खोली चांगली आहे, सातव्या मजल्यावर, वारा येतो. सूनबाई करून ठेवून जाते. पोरगी शाळेत आणि मग क्लासला. सगळी संध्याकाळी येतात आणि चांगली वागतात.

'अन् दिवसा?' मी विचारलं.

'दिवसा काय. गॅलरीत उभा राह्यतो. खाली गाड्या जाते. लाल गाडी दिसली की म्हनून पाह्यतो हळूच.' काय म्हणून पाहतात ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. 'साहेब, पावती हाय ना जागेवर?'

'हाय, भाऊ. जागेवर हाय.'

'मंग बरं,' ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

बँकेचे जुने कागद दहा वर्षं सांभाळतात. मग यवतमाळहून एक गाडी येते, गठ्ठे भरून नेते आणि त्यांचा लगदा होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही.